खंडेनवमीचा सूक्ष्मदर्शक

२४ जून २००२

शाळा सुरू झाली आणि पहिलं परिपत्रकही आलं. मुख्याध्यापक उतेकर सरांनी मधल्या सुट्टीत बोलावून ते माझ्या हातात दिलं. विषय: विद्यार्थ्यांमध्ये विज्ञानाची अभिरुची व विज्ञानाधिष्ठित व्यवसायांची ओढ निर्माण करणे.

मी वाचत होतो तोवर ते म्हणाले, "कळंबे, ओढ निर्माण करायची आहे. शनिवारपर्यंत करा आणि अहवाल द्या."

"सर, ओढ म्हणजे, शनिवारपर्यंत..."

"बरं, सोमवार. त्यापुढे नको. जिल्ह्याला पाठवायचाय."

तर आजपासून मी शाळेचा विज्ञान अभिरुची प्रमुख. या कामाची एक खासगी नोंद ठेवायचं ठरवलं आहे. अहवालात यश लिहावं लागेल, तेव्हा शंका लिहायला कुठेतरी जागा हवी. पहिली शंका आजच: माझ्यात तरी ही ओढ आहे का? महाडच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालो तेव्हा होती. आज चव्वेचाळिसाव्या वर्षी ती पाठ्यपुस्तकाच्या जाडीएवढी उरली आहे. हे लिहिताना वाईट वाटलं. पण लिहू शकलो, म्हणजे माणूस अजून प्रामाणिक आहे, या विचाराने बरंही वाटलं.

६ जुलै

दहावीच्या वर्गात व्याख्यान दिलं, 'विज्ञान आणि तुमचं भवितव्य'. अणुशक्ती, उपग्रह, जनुकं, सगळं घेतलं. शेवटी म्हटलं, विचारा प्रश्न.

जितेश उठला. त्याचा आतेभाऊ हिरकणीवाडीला, गडाच्या रोपवेपाशी असतो. "सर, रोपवेवर कामाला लागलं तर ते सायन्समधलं करिअर हाय का?"

मी विचार केला. कप्पी आहे, मोटर आहे, दोराचा ताण आहे. पण परिपत्रकात दिलेल्या व्यवसायांत रोपवे नाही. म्हटलं, "नाही, ते पर्यटन."

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, तुमी बी सायन्सच घेतलं व्हतं ना? मग हितं कशे?"

वर्ग हसला. मीही हसलो. हसणं उशिरा आलं, हे बहुधा कुणाच्या लक्षात आलं नसावं.

मग धनगरवाड्यावरची माधुरी उठली. रोज डोंगर उतरून येणारी, बोलायला कमी. "सर, गोचिडीला पंख नसतात. मग ती एका म्हशीवरनं दुसरीवर जाते कशी?"

"आजच्या विषयाशी याचा संबंध नाही," मी म्हणालो. खरोखरच नव्हता. व्याख्यान करिअरवर होतं.

अहवालात लिहिलं: विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्तपणे प्रश्न विचारून प्रतिसाद दिला.

११ ऑगस्ट

परिपत्रकात 'पालकसंपर्क' असं एक कलम आहे. इतर शिक्षक ते पालकसभेत उरकतात. मला ते अप्रामाणिक वाटलं, म्हणून आज रविवार असूनही धनगरवाड्यावर चढून गेलो. शेवटच्या चढणीला शेवाळावरून पाय घसरला आणि घोटा मुरगळला. माधुरीच्या घरी पोचलो तो लंगडतच.

तिची आजी बयाबाई बघून म्हणाली, "मास्तर पोरांना वर आनायला आलं आन् सोताच खाली पडलं." मग तिने ताक दिलं, आणि घोट्याला लावायला हळद-चुना कालवला. घरचीच हळद, पाट्यावर वाटलेली. चुन्यात पडताच पिवळीची लाल झाली.

"सर, ही लाल का होते?" माधुरीने विचारलं.

"रासायनिक क्रिया."

"कंची?"

"अकरावीला आहे."

"म्हंजे अकरावीला जायाला लागंल," ती बापाकडे बघून म्हणाली.

बाप भैरू दाराशी उकिडवा बसला होता. मी त्याला विज्ञानाधिष्ठित व्यवसायांची माहिती दिली. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, पोरगी हुशार हाय ते मला बी दिसतं. पन मुंबयला तिच्या मामीला पोरं संभाळाया मानूस पायजे. धाव्वी झाली का धाडायची, असं ठरलंय."

मी पुन्हा बोललो. या वेळी उपग्रह वगळले.

"बरं. तुमी मास्तर, तुमी चांगलंच बोलनार," भैरू म्हणाला. "लोकांना बोलू द्या, पोरगी हुशार हाय म्हनून. तालुक्याला ते परदर्शन भरतं ना, तिथं हिनं पयला नंबर काढू दे. काढला तर महाडला ठेवतो, सायन्स का काय ते शिकू दे."

"आन् नाय काढला तर?" बयाबाईने विचारलं.

"तर मामी."

माधुरी नुसती माझ्याकडे बघत होती, शब्द मीच दिला असल्यासारखी.

उतरताना घोटा दुखत होता, पण मन भरून आलं होतं. माझ्या हातून एक आयुष्य वळणार! मग स्वतःला विचारलं, यात अहंकार तर नाही? थोडा आहे. नोंद करून ठेवतो.

१४ ऑक्टोबर

खंडेनवमी. शाळेत सरस्वतीपूजन आणि उपकरणांची पूजा.

आमच्या शाळेत एक सूक्ष्मदर्शक आहे. तो वर्षातून दोनदा पेटीबाहेर येतो, एकदा तपासणीला आणि एकदा आजच्या दिवशी. बाकी वर्षभर कुलपात. मोडतोड झाली तर ज्याच्या नावावर त्याच्याकडून वसूल, असा नियम आहे आणि नाव माझं आहे. मुलांना चित्र दाखवतो. चित्र मोडत नाही.

पूजेचं हळदकुंकू दरवर्षी शाळा समितीचे अध्यक्ष महिपतशेठ देतात. पोलादपूरच्या बाजारात त्यांचं मसाल्यांचं दुकान आहे. पुडीवर त्यांचंच नाव आणि हात जोडलेला फोटो. यंदा तालुका प्रदर्शनासाठी त्यांनी 'महिपतशेठ विज्ञान चषक' जाहीर केला आहे. भाषणात म्हणाले, "आमच्या मातीतून शास्त्रज्ञ निघाला पाहिजे. निघतोच कसा नाही बघतो."

सूक्ष्मदर्शकाला झेंडूची माळ घातली. नळीला कुंकवाची बोटं, काच ठेवायच्या जागेवर हळदकुंकवाची चिमूट, भिंगावर अक्षता. शिपाई धोंडूने उदबत्ती त्याच्या पायाशी खोचली. मी विवेकवादी माणूस, मला हे पटत नाही. तसं मी मनात म्हटलं आणि आरतीला टाळ्या वाजवल्या.

सगळे प्रसादाला गेल्यावर मागे वळून पाहिलं, तर माधुरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून उभी. एका हाताने खालचा आरसा खिडकीकडे फिरवत होती.

"काय करतेस?"

"सर, कुंकू बघतेय. सर, हे लाल नाय! पांढरे खडे हायत, वरनं रंग चढवलाय. हळदीत बी तसलेच पांढरे हायत."

"देवाच्या वस्तूला असा डोळा लावू नये," मी म्हणालो.

हे वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं, कळत नाही. विज्ञानशिक्षकाला शोभणारं नव्हतं. लगेच सुधारणा केली: "म्हणजे, परवानगीशिवाय."

"तुमी बघा ना, सर."

मी पाहिलं नाही. निरीक्षकाने पूर्वग्रह टाळावा. कुंकू शेठचं आहे हे मला माहीत असल्यामुळे माझं निरीक्षण निर्दोष ठरलं नसतं. आणखी एक कारण आहे, ते फक्त इथे लिहितो: सूक्ष्मदर्शक लावायची सवय माझ्या हातातून गेली आहे. तिने तो लावला कसा, हे विचारायचं राहिलं.

२१ ऑक्टोबर

माधुरी दोन पुड्या घेऊन आली. एकीत आजीची हळद, दुसरीत बाजारची. म्हणाली, "सर, परदर्शनाला हाच प्रयोग करते. आजीच्या हळदीत ते पांढरे खडे नसतील तर ते हळदीचे नायत, भायेरचे हायत. आपला सूक्ष्मदर्शक द्याल?"

उत्साह चांगला आहे. पण एकाच बाजारातल्या एकाच पुडीवरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय, हे मी तिला समजावून सांगितलं. ती मान डोलावून गेली.

२३ ऑक्टोबर

आज माधुरीने सात घरांतल्या पुड्या आणल्या. बाजारच्या वेगळ्या, घरच्या वेगळ्या, प्रत्येकीवर घराचं नाव. मी तिला सांगितलं की नमुने फार झाले की गोंधळ वाढतो.

परवा याच्या उलट बोललो होतो का? आता मागचं पान उघडून पाहिलं. उलट नाही. परवा कमी होते, आज जास्त आहेत. विज्ञानात प्रमाणाला महत्त्व आहे.

तरी विषय उतेकर सरांच्या कानावर घालणं माझं कर्तव्य होतं.

"कुणाच्या दुकानची हळद?" त्यांनी विचारलं.

"नाव ती घेत नाही, सर."

"ती घेत नसेल. पुडी घेते ना! फोटोसकट!" मग त्यांनी पंखा बंद केला. महत्त्वाचं बोलताना ते पंखा बंद करतात. "कळंबे, आपल्याला विज्ञानाची ओढ निर्माण करायला सांगितलंय. विज्ञान निर्माण करायला कुणी सांगितलंय?"

मला हा भेद आधी सुचला नव्हता. घरी येईपर्यंत त्यावर विचार केला. परिपत्रक काढून पुन्हा वाचलं. सर बरोबर आहेत, तसं कुठेही म्हटलेलं नाही.

अमिता, माझी बायको, भाकरी थापत होती. तिला सगळं सांगितलं. तिने फक्त विचारलं, "आपल्याकडची हळद कुठली आहे हो?"

"विषय तो नाही," मी म्हणालो.

१८ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली. सुट्टीत मी बराच विचार केला. माधुरीला पहिला नंबर हवा आहे. चषक शेठचा आहे. शेठच्याच हळदीविरुद्धच्या प्रयोगाला शेठचा चषक मिळणं संभवत नाही. नंबर गेला की महाड गेलं, उरते मामी. म्हणजे तिला तिच्या प्रयोगापासून वाचवणं हीच तिची खरी सेवा. अशा वेळी शिक्षकाने वाईटपणा घ्यावा लागतो. मी घेतला.

"तू ज्वालामुखी कर," मी तिला सांगितलं.

"सर, आपल्या पोलादपुरात ज्वालामुखी कुठं हाय?"

"नाही, म्हणून तर मॉडेल करायचं."

"दर वरसाला कोन ना कोन तोच करतो, सर. गेल्या साली जितेशनं केलेला. फेस आला, संपला."

"त्याला तिसरा नंबर होता," मी तिच्या लक्षात आणून दिलं.

ती खिडकीबाहेर बघत राहिली. डोळ्यांत पाणी होतं की ऊन, सांगता येत नाही. मला वाईट वाटलं, पण योग्य गोष्ट करताना वाईट वाटतंच. थोड्या वेळाने ती वळली. आवाज अगदी नेहमीचा.

"सर, लाव्ह्याला रंग काय घालू?"

"कुंकू घाल की. शेठनाही बरं वाटेल."

"आन् सोड्यावर लिंबू पिळलं तर चालंल? व्हिनेगर आमच्याकडं नसतं."

"चालेल. आम्ल ते आम्ल."

"आन् डोंगराला दोन तोंडं केली तर?"

"केलीस तर उठाव येईल."

तेव्हा ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मुलीला विषयाची गोडी लागली. आपण घेतलेला वाईटपणा फुकट गेला नाही.

१२ डिसेंबर

तालुका विज्ञान प्रदर्शन. आमच्या टेबलावर माधुरीचा ज्वालामुखी आणि शेजारी, शेठची इच्छा म्हणून, कुंकू लावून माळ घातलेला सूक्ष्मदर्शक. 'हात लावू नये' अशी पाटी मी स्वतः लिहिली.

परीक्षक महाडच्या कॉलेजातल्या सकपाळ मॅडम. त्यांच्यासोबत उतेकर सर, महिपतशेठ आणि निम्मा बाजार.

माधुरीने डोंगराच्या दोन तोंडांवर दोन चिठ्ठ्या लावल्या होत्या. एकीवर 'आजीचं कुंकू', दुसरीवर 'बाजारचं कुंकू'. हा सांस्कृतिक स्पर्श मला आवडला. जुनी पिढी आणि नवी पिढी.

ती म्हणाली, "आजीचं कुंकू म्हंजे घरची हळद आन् चुना. बाजारचं पुडीतलं. दोनीत सोडा तेवढाच. आता दोनीत लिंबू पिळते." आणि एका हाताने इकडे, दुसऱ्या हाताने तिकडे, भरपूर पिळलं.

दोन्हींतून फेस वर आला. दोन्ही लाल. मग आजीच्या बाजूचा लाव्हा केशरी झाला, आणि बघता बघता पिवळाजर्द. बाजारचा लाल तो लालच राहिला, डोंगरावरून खाली ओघळत टेबलावर आला. एकीकडे पिवळा, एकीकडे लाल, फार सुंदर दिसलं. सगळ्यांत आधी टाळ्या शेठनी वाजवल्या. "बाजारचा रंग बघा! हलला नाही!"

सकपाळ मॅडम वाकल्या. "हळदीचं कुंकू आंबटाने पुन्हा पिवळं पडतं. हे पडलं. ते का नाही पडलं, सर?"

प्रश्न मला होता. म्हटलं, "नैसर्गिक वैविध्य असतं."

"तू सांग," त्या माधुरीला म्हणाल्या.

"त्याच्यात हळद नाय, म्हनून. पांढरी पूड हाय आन् वरनं रंग. ह्याच्यातनं बघा." तिने पाटी बाजूला केली.

मॅडमनी डोळा लावला. बराच वेळ लावला. उठल्या तेव्हा डोळ्याभोवती कुंकवाचा गोल उमटला होता आणि त्या हसत होत्या. "काचेवर नमुना कुणी ठेवला?"

"मी."

"आणि शेजारी ही हळद कशाला?"

"आजीची हाय. तुलना नको का कराया?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्याकडे काम चांगलं चाललंय, सर." मी नम्रपणे मान लववली. ही दाद नोंदवून ठेवताना पुन्हा अहंकाराची शंका येते. पण शब्द त्यांचेच आहेत.

पहिला नंबर माधुरीला! शेठना गर्दीच्या गोंगाटात पुढचं बोलणं ऐकू गेलं नसावं, कारण त्यांनी चषक देताना तिच्या पाठीवर थाप मारली आणि फोटो काढून घेतला. माधुरी चषक छातीशी धरून माझ्याकडे आली. "सर, आता मामी नाय ना?"

"नाही," मी म्हणालो. ज्वालामुखीचा आग्रह मी धरला नसता तर? विचारानेही अंगावर काटा येतो.

२० डिसेंबर

बाजारात काहीतरी झालं आहे. भाजीवाली काशीबाई मला पाहताच म्हणाली, "सर, परत असला परयोग कवा हाय? आदी सांगा, लिंबं जास्ती आनीन. सकाळीच सपली."

पुढे गेलो तर शेठच्या दुकानाच्या पायरीवर बायका. एकीने कपाळाचं कुंकू बोटावर घेतलं, लिंबू चोळलं आणि बोट वर केलं. "बघ गो, लालच!" दुसरी म्हणाली, "माझं तर दगडावर घासलं तरी जायचं नाय. भिंत रंगवा ह्याच्यानं!" एका म्हातारीने गल्ल्यासमोर पुडी ठेवली. "शेठ, ह्या फोटूला बी लिंबू लावून बघू काय?"

दुपारी शेठ शाळेत आले. पंखा बंद होता.

"मास्तर, तुमच्या ज्वालामुखीनं माझं दुकान जाळलं."

मी सांगितलं की मॉडेल ठरलेलं होतं, रंगाची सूचना माझी होती, आणि ती त्यांच्याविषयीच्या आदरातून केली होती. यातला शब्द न् शब्द खरा आहे. शेठ मग उतेकर सरांना म्हणाले, "हा माणूस बनेल आहे की बावळट?"

सर म्हणाले, "आमच्याकडे बरीच वर्षं आहेत." उत्तर दोन्ही प्रश्नांना लागू पडत नाही, असं मला वाटलं.

"माझा चषक फिरता आहे," शेठ म्हणाले. "तो फिरवा. हिकडं."

फिरता चषक वर्षअखेर परत करायचा असतो, हे मी दाखवून दिलं. सर म्हणाले, "डिसेंबर चालू आहे, कळंबे."

हेही बरोबर होतं.

५ जानेवारी २००३

पुन्हा धनगरवाडा. चढताना एकच प्रश्न: भैरूचा शब्द बक्षिसावर होता. बक्षीसच परत गेलं तर शब्दाचं काय? मी एक आयुष्य वळवायला निघालो होतो, आता तेच पुन्हा सरळ करायला चाललो होतो. पण चषक न आणणं म्हणजे संस्थेशी अप्रामाणिकपणा. मी ठरवलं की 'पॉलिशसाठी हवाय' म्हणायचं. ते खोटं नाही. पॉलिश कधी ना कधी करावंच लागतं.

बयाबाई गोठ्यात रेडकाला चषकातून औषध पाजत होती. दोन्हीकडचे कान धरायला सोयीचे पडतात, असं म्हणाली.

मी पॉलिशचं सांगितलं.  माधुरी चटकन उठली, चषक आजीकडून घेतला, विसळून माझ्या हातात दिला.

"न्या, सर. पॉलिश करायचंच हाय. आतनं मुलामा गेलाय."

"कशाने?"

"लिंबानं. बघितलं मी."

बापाकडे बघितल्याशिवाय मला उतरता येईना. "भैरू, ते अकरावीचं..."

"सर, मी म्हनलेलं, लोकांना बोलू द्या," भैरू म्हणाला. "लोक बोलले. खालच्या बाजारापासनं हितवर बोलत आले. आता कप तुमी परत नेताय. मंग मी बी शब्द परत घ्यावा का, ह्योच इचार करत व्हतो."

माधुरीचा हात दाराच्या कडीवर होता. कडी वाजली नाही.

"काय इचार करतोस रं?" बयाबाई गोठ्यातून ओरडली. "पोरीला भिऊन शेटनं कप मागं घेतला! नंबर काढनाऱ्या पोरी दर साली असतात. जिला शेट भितो ती एकच. तिला पोरं संभाळाया धाडतोस?"

भैरू हसला. तो हसताना मी पहिल्यांदाच पाहिला. "म्हातारी म्हनते ते खरं हाय. जाऊ दे महाडला. त्या मॅडमचा बी निरोप आलाय, राहायची सोय बघतो म्हनून."

मी चषक पिशवीत घालून उतरलो. सगळं नीट झालं, आणि माझ्याकडून कुठेही नियमभंग झाला नाही. तरी पिशवी जड का वाटत होती, कळलं नाही. चषक पत्र्याचा आहे.

२३ जून

निकाल लागला. माधुरी चांगल्या गुणांनी पास. दाखला घ्यायला भैरूबरोबर आली होती. नवी चप्पल, वेण्या घट्ट. तिच्या करिअरविषयी दोन शब्द सांगावे म्हणून मी उभा राहिलो, पण तीच म्हणाली, "सर, एक इचारू? महाडच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शक कवा काढतात? खंडेनवमीलाच?"

"नाही गं. तिथे रोज काढत असतील."

"रोज?" तिने बापाकडे पाहिलं, जत्रा रोज असते म्हटल्यासारखं. मग मला वाकून नमस्कार केला. "सर, ज्वालामुखी तुमीच कराया लावलात. नायतर मला लिंबू कुठलं सुचलं असतं?"

मला गहिवरून आलं. ती गेल्यावर या वाक्याचा पुन्हा विचार केला. त्यात टोमणा आहे का? सर्व बाजूंनी तपासलं. नसावा.

वार्षिक अहवाल पाठवला. 'विज्ञान शाखेकडे वळलेले विद्यार्थी: एक. श्रेय: मार्गदर्शक शिक्षक.' हे शेवटचे तीन शब्द उतेकर सरांनी घातले. मी खोडणार होतो, पण खाडाखोड केलेला अहवाल जिल्हा स्वीकारत नाही.

४ ऑक्टोबर

पुन्हा खंडेनवमी. गेल्या वर्षीसारखा प्रकार होऊ नये म्हणून मी एक सूचना केली होती आणि ती मंजूर झाली: पूजेच्या वेळी सूक्ष्मदर्शकाचं वरचं भिंग झाकून ठेवावं, म्हणजे धूळही बसणार नाही. धोंडूने शेठच्या कुंकवाच्या डबीचं झाकण मापाचं निघालं म्हणून तेच बसवलं. शेठनी यंदाही हळदकुंकू दिलं. पुडी नवी, फोटो तोच, खाली 'शुद्धतेची परंपरा' असं छापलेलं.

आरती झाली. नववीच्या चार-पाच मुली रेंगाळल्या. एक म्हणाली, "सर, माधुरीताईनं ह्याच्यातनंच बघितलं ना? आमाला दाखवा ना." मी त्यांना प्रसादाला पाठवलं.

मग वर्गात मी एकटाच. माळ, उदबत्ती, तो आणि मी. वाटलं, आता प्रकरण संपलं आहे, माधुरी महाडला आहे, माझ्या निरीक्षणाने कुणाचं बरंवाईट होणार नाही. म्हणजे पूर्वग्रहाचा प्रश्न उरला नाही. एवढी वर्षं विज्ञान शिकवतो, स्वतः बघायला काय हरकत आहे? दाराकडे पाहिलं आणि डोळा लावला. आरसाही तिच्यासारखा खिडकीकडे फिरवला. डोळा घट्ट दाबून बराच वेळ पाहिलं.

काही नाही. नुसता अंधार. ना पांढरे खडे, ना वरून चढवलेला रंग. इतके महिने जो किंतु मनात होता तो गेला. मुलं आहेत, उत्साहाच्या भरात दिसतं काहीबाही. शेठविषयी मनात आणलं त्याबद्दल थोडी शरमही वाटली.

घरी आलो. अमिताने दारातच थांबवलं. "डोळ्याला काय लावून आलात?"

आरशात पाहिलं. उजव्या डोळ्याभोवती कुंकवाचा लालभडक गोल. पाण्याने धुतला, साबणाने धुतला, जाईना. अमिता आतून अर्धं लिंबू घेऊन आली, हसत होती. "डोळे मिटा," म्हणाली आणि चोळलं. मग हसायची थांबली. फडक्याला पुसून तिने ते मला दाखवलं. लाल ते लालच.

एवढं मात्र मान्य करायला हवं, शेठकडचा रंग पक्का आहे.